फ्रिजएवढा कॉम्प्युटर आणि त्याचे दिवाने

दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणाऱ्या आपल्या जनरेशनला हे वेड पटकन झेपणार नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, लुकलुकत्या दिव्यांचे मिनीकॉम्प्युटर्स पुन्हा सुरू करणारी आणि त्यांच्या आठवणींत रमणारी एक टोळी जगभर पसरलीय. त्यांच्या गप्पा ऐकल्या तर आपल्याच लॅपटॉपचं खानदान सापडतं. फक्त ऐकायला जरा घाई करायला हवी!

सकाळी ऑफिसला पोचल्यावर तुमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो? एखादं मिनिट? तेवढ्यात आपण दोनदा घड्याळ बघतो, आयटीवाल्यांच्या नावाने शंख करतो आणि चहा घ्यायला उठतो. आता अशा मशीनची कल्पना करा, जे सुरू करायचं तर आधी त्याच्या तोंडावरचे बारा स्विच एकेक करून वर-खाली करायचे. एकदा नाही, सोळा वेळा. त्यात एक स्विच चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून मशीन तयार कशाला होणार? तर कागदाची पट्टी वाचायला!

या मशीनचं नाव पीडीपी-८. साल १९६५. आणि गंमत म्हणजे ज्यांनी तरुणपणी हे स्विच खालीवर केले, त्यातल्या अनेकांना ते सोळा आकडे आजही पाठ आहेत. आपल्याला कसा बे-चा पाढा झोपेतही येतो, तसंच. ६०३२, ६०३१, ५३५७... अशी ती गाडी सुरू होते. हौशी मंडळी एकत्र जमली की हे आकडे घडाघडा म्हणून दाखवणं हा तिथला हिट आयटम असतो.

‘मिनी’ म्हणजे केवढा?

त्या काळात कॉम्प्युटर म्हटलं की अख्खी खोली. काचेच्या भिंती, गारेगार एसी आणि आत जायची परवानगी फक्त ऑपरेटरला. तुम्ही आपला पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचं. थोडक्यात, सरकारी ऑफिस!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेनार्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनीअर्सनी ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी थाटली. सगळे तिला ‘डेक’ म्हणत. भांडवल होतं ७० हजार डॉलर. आज स्टार्ट-अपवाले व्हेंचर कॅपिटलच्या मागे धावतात ना, त्या प्रकाराच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत या डीलचं नाव घेतलं जातं.

डेकचा फंडा सरळ होता. कॉम्प्युटर लहान करा, स्वस्त करा आणि ज्याला काम आहे त्याच्या हातात द्या. पीडीपी-८ ची किंमत होती १८ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जेमतेम ८५ हजार रुपये. रक्कम मोठीच होती, पण एखादी प्रयोगशाळा किंवा कॉलेज ती उभी करू शकत होतं. मशीनचा आकार लहान फ्रिजएवढा. आणि ‘मिनी’ हे नाव? त्याचाही किस्सा सांगतात. डेकच्या ब्रिटनमधल्या माणसाने हेडऑफिसला पाठवलेल्या रिपोर्टमध्ये मिनीस्कर्टच्या देशात मिनी मोटार चालवत आपण मिनीकॉम्प्युटर विकतोय, अशी मल्लिनाथी केली. शब्द तिथून रुळला म्हणे. साठच्या दशकातलं लंडन, दुसरं काय होणार!

मणी ओवावेत तशी मेमरी

या मशीनच्या आठवणी काढताना मंडळी सगळ्यात जास्त रमतात ती हार्डवेअरमध्ये. कारण हे हार्डवेअर डोळ्यांना दिसायचं, कानांना ऐकू यायचं आणि हातांना जाणवायचं.

मेमरीचंच घ्या. पीडीपी-८ ची मूळ मेमरी ४०९६ शब्दांची, एकेक शब्द बारा बिटांचा. हिशोब केला तर भरते सहा किलोबाइट. तुमचा तीन एमबीचा एक सेल्फी ठेवायचा तर असे पाचशेहून जास्त पीडीपी-८ लागतील. पण ही मेमरी बनायची कशी? मोहरीच्या दाण्याएवढ्या फेराइटच्या रिंगा, त्यांतून केसासारख्या बारीक तारा ओवलेल्या. एक रिंग म्हणजे एक बिट. ओवण्याचं हे काम बरंचसं हाताने व्हायचं आणि ते करणाऱ्या बहुतेक बायका असत. गजरा ओवावा तशी मेमरी ओवली जायची!

आणि हिची एक खासियत आपल्या रॅममध्ये नाही. वीज गेली तरी ही मेमरी विसरत नसे. संध्याकाळी मशीन बंद करून घरी जा, सकाळी येऊन चालू करा, प्रोग्रॅम जिथल्या तिथे. म्हणून तर ते सोळा आकडे रोज टाकावे लागत नसत. पण कुणाचा तरी प्रोग्रॅम बिघडायचा, मेमरीतल्या नको त्या जागेवर जाऊन बसायचा आणि ते आकडे पुसून टाकायचा. मग बसा पुन्हा स्विच वर-खाली करत. ६०३२ हा एकच आकडा टाकायचा म्हणजे वर-वर-खाली, खाली-खाली-खाली, खाली-वर-वर, खाली-वर-खाली. असे सोळा! बोटांना सवय झाली की डोक्याने विचार करायची गरजच उरत नसे. रोज सेकंड गियर टाकणाऱ्या बसड्रायव्हरसारखं.

दुसरी लाडकी आठवण म्हणजे एएसआर-३३ टेलिटाइप. टाइपरायटर, प्रिंटर आणि कागदी पट्टीला भोकं पाडायचं यंत्र, असं ‘थ्री इन वन’ पॅकेज. वेग सेकंदाला दहा अक्षरं. पीडीपी-८ ची पूर्ण मेमरी या पट्टीवरून भरायची तर जवळपास चौदा मिनिटं लागत. तोवर आख्ख्या खोलीत खडखडाट. यंत्राला मशीन ऑइलचा वास. भोकं पाडून उरलेल्या टिकल्या एका डब्यात साठत आणि कुणाचा वाढदिवस असला की त्या त्याच्या डोक्यावर! केसांतून त्या निघता निघत नसत, ही तक्रार आजही तितक्याच प्रेमाने केली जाते.

मग आल्या डिस्क. डेकच्या आरके०५ या ड्राइव्हमध्ये चौदा इंची तबकडी असलेली कार्ट्रिज बसवायची. परातीएवढ्या त्या डिस्कवर मावायचं किती? अडीच एमबी. एक धड एमपी-थ्री गाणंही बसणार नाही. धुळीचा एखादा कण आत शिरला की हेड तबकडीवर आपटायचं आणि डेटाचा बोऱ्या वाजायचा. ‘हेड क्रॅश’ हा शब्द ज्यांनी कानांनी ऐकलाय, ते बॅकअप घ्यायला कधीच विसरत नाहीत!

गेम, हॅकर आणि रात्रपाळी

एवढ्या त्रासात मजा काय होती? उत्तर सोपं आहे. मशीन पहिल्यांदाच ‘आपलं’ वाटत होतं. खिडकीआडचा ऑपरेटर गेला. तुम्ही आणि कॉम्प्युटर समोरासमोर.

एमआयटीत डेकचं पहिलं मशीन पीडीपी-१ पोचलं, तेव्हा तिथल्या पोरांनी रात्री जागून काय केलं? गेम बनवला! १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ लिहिला. गोल पडद्यावर दोन रॉकेटं, मध्ये तारा आणि ढिशॅव-ढिशॅव. व्हिडिओ गेम्सचा आद्य पूर्वजच म्हणा ना. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये स्वयंसेवकांनी एक पीडीपी-१ दुरुस्त करून पुन्हा चालू केला आणि त्यावर हाच गेम लोकांना खेळायला दिला.

१९७० मध्ये आला पीडीपी-११ आणि त्याने कमालच केली. या घराण्यातली सुमारे सहा लाख मशीन्स विकली गेली, असं मानतात. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ वर सुरू केलेली युनिक्स सिस्टिम याच मशीनवर वाढली. सी ही भाषाही इथलीच. आपल्यातल्या निम्म्या इंजिनीअर्सची पहिल्या सेमिस्टरला दांडी उडवणारी तीच ती सी! सोव्हिएत रशियात पीडीपी-११ ची नक्कल करून बनवलेलं ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ हे मशीन होतं. १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी त्यावर एक गेम लिहिला. नाव टेट्रिस. लोकलमध्ये मोबाइलवर विटा रचत घरी जाणाऱ्यांनो, तुमच्या टाइमपासचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडचं काय?

हे सगळं सातासमुद्रापारचं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींनी बारा बिटांचा मिनीकॉम्प्युटर डिझाइन केला. त्याचं नावच ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, म्हणजे टीडीसी-१२. साल १९६९. हैदराबादच्या ‘ईसीआयएल’ या सरकारी कंपनीने तो बाजारात आणला आणि पुढे सोळा बिटांचा टीडीसी-३१६ काढला. परदेशी मशीन आणायचं तर परकीय चलनाची मारामार, परवान्यांची रांग. अशा दिवसांत हे मोठंच धाडस होतं.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आणि सरकारच्या नव्या धोरणामुळे खासगी कंपन्यांना मिनीकॉम्प्युटर बनवायची दारं उघडली. डेकची मशीन्स मुंबईच्या ‘हिंदीट्रॉन’ या कंपनीमार्फत इथे यायची. तेव्हाच्या कॉम्प्युटर रूमची आठवण काढा म्हटलं की आपल्याकडचे सीनिअर हमखास एक गोष्ट सांगतात. चपला बाहेर काढायच्या! आत देवघरासारखी शांतता आणि थंडी. मे महिन्यात प्रोग्रॅमिंगची गोडी वाढण्यामागे एसीचा वाटा मोठा होता, हे कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक धागा थेट पुण्याला येतो. डेकमधून बाहेर पडलेल्या एडसन डी कॅस्ट्रो यांनी, म्हणजे पीडीपी-८ च्या डिझायनरनेच, १९६८ मध्ये साथीदारांसह ‘डेटा जनरल’ ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. तिथे ‘एमव्ही/८०००’ हे मशीन बनवताना तरुण इंजिनीअर्सनी कशा रात्री जाळल्या, यावर ट्रेसी किडर यांनी १९८१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’. त्याला पुलित्झर मिळालं. त्याच १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी एक छोटी कंपनी सुरू केली होती. दोन वर्षांनी तिने बेंगळुरूला मुक्काम हलवला. तिने आयात केलेला पहिला कॉम्प्युटर कोणता? तोच, एमव्ही/८०००. कंपनीचं नाव इन्फोसिस!

आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन? एकेका गाडीचे जाडजूड चार्ट आणि त्यापुढची रांग आई-बाबांना विचारा. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत ‘सीएमसी’ या सरकारी कंपनीने रिझर्व्हेशन कॉम्प्युटरवर आणलं, ते डेकच्याच व्हॅक्स मशीनवर. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट, ही तेव्हा जादू होती. आज आपण तत्काळसाठी दहाच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसतो, त्या सोयीची सुरुवात या कपाटांतून झाली.

मग गेली कुठे ही मशीन्स?

डेक एकेकाळी जगातली दोन नंबरची कॉम्प्युटर कंपनी होती. लाखाहून जास्त माणसं कामाला. पण घरोघरी पीसी पोचला आणि फ्रिजएवढ्या मशीनची गरज संपली. १९९२ मध्ये ओल्सन पायउतार झाले. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेक विकत घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅकच एचपीत विरघळली. मशीन्सचं म्हणाल तर बरीचशी भंगारात गेली. ऑफिसच्या वहीत किंमत शून्य झाली की जागा अडवणारं कपाट कोण ठेवणार? सर्किट बोर्डांच्या कडांना सोन्याचा मुलामा असायचा, तेवढ्यासाठी भंगारवाले खूश.

जी उरली ती जपणाऱ्यांची ही टोळी. यात रिटायर्ड इंजिनीअर आहेत, तसे विशीतले विद्यार्थीही आहेत. अमेरिकेत १९९७ पासून ‘व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल’ नावाचे मेळे भरतात. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग आहे. तिथे जुनं मशीन म्हणजे काचेआडची वस्तू नसते, ते चालवून दाखवतात.

चालवणं मात्र खायचं काम नाही. चाळीस वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावलं तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुटू शकतात. म्हणून आधी त्यांना हळूहळू व्होल्टेज वाढवत ‘जागं’ करायचं. आतल्या फोमचा चिकट भुगा झालेला असतो, तो खरवडायचा. शेकडो ट्रान्झिस्टरमधला नेमका कोणता मेला, हे ऑसिलोस्कोप लावून शोधायचं. आणि इथेच खरी अडचण येते. सर्किटचे नकाशे मिळतात, मॅन्युअल्स स्कॅन झालीत. पण अमुक बोर्ड तापला की तमुक लक्षण दिसतं, ड्राइव्हचा आवाज असा बदलला की समजावं आता हेड आपटणार, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये? ते असतं त्या वेळच्या फील्ड इंजिनीअरच्या डोक्यात. आणि तो आज सत्तरीच्या पुढे आहे.

म्हणूनच या मंडळींचं आठवणी काढणं नुसता नॉस्टॅल्जिया नाही. एक जण काहीतरी किस्सा सांगतो आणि त्यातून दुसऱ्याचं अडलेलं मशीन सुरू होतं. याला बाजारातही किंमत आहे बरं का! २०१३ मध्ये कॅनडातल्या अणुवीज केंद्रांसाठी पीडीपी-११ चे प्रोग्रॅमर हवे असल्याची बातमी टेक जगात गाजली. तिथली यंत्रणा २०५० पर्यंत चालवायचा बेत होता. माणसं आणणार कुठून?

म्युझियम आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी सिअ‍ॅटलला ‘लिव्हिंग कॉम्प्युटर्स’ नावाचं झक्कास म्युझियम उभं केलं. पोरवयात डेकच्या मशीनवर शिकलेला हा माणूस. जुनी मशीन्स चालू ठेवायची आणि लोकांना त्यांना हात लावू द्यायचा, हा तिथला नियम. २०१२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. २०१८ मध्ये अ‍ॅलन गेले, २०२० मध्ये कोविडमुळे दारं बंद झाली, ती उघडलीच नाहीत. २०२४ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं आणि तिथल्या वस्तू ख्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एकाने उभारलेला संग्रह त्याच्यामागे सहा वर्षं टिकला.

तुमच्या कट्ट्यावरचा ‘डेकवाला’ शोधा

तर मुद्दा हा, की मशीन्सचं काय व्हायचं ते होवो, माणसं अजून आहेत. बँक, रेल्वे, बीएआरसी, टीआयएफआर, एखादी जुनी केमिकल फॅक्टरी किंवा इंजिनीअरिंग कॉलेज, कुठूनतरी रिटायर झालेले काका-मावशी तुमच्या सोसायटीतही असतील. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे. त्यांना ‘काका, तुम्ही पहिल्यांदा कॉम्प्युटर कुठे बघितला?’ एवढंच विचारा आणि मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. मशीनचं नाव, त्याची खोली, त्याचा आवाज, तो बंद पडला की काय करायचे, हे सगळं विचारा. घरात जुनं मॅन्युअल, कागदी पट्टीचं भेंडोळं किंवा मशीनसमोर बेलबॉटम घालून काढलेला फोटो असेल तर स्कॅन करा. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाण्याआधी!

आपल्याकडच्या मिनीकॉम्प्युटर्सबद्दल सगळ्यात जास्त माहिती आज अशाच माणसांकडे आहे. येत्या रविवारी कुणाकडे चहाला जायचं, ते ठरवा.

चौकट १: तुमच्या ऑफिसात लपलेले मिनीकॉम्प्युटर्स

* लिनक्सवर काम करता? त्यातलं ‘टीटीवाय’ म्हणजे टेलिटाइप. तोच तो खडखडाट करणारा.
* प्रोग्रॅम कोसळला की ‘कोअर डम्प’ होतो. यातला ‘कोअर’ म्हणजे त्या ओवलेल्या रिंगांची मेमरी.
* डेकच्या व्हीएमएस सिस्टिमचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांनी विंडोज एनटी घडवली. आजची विंडोज तिचीच वारसदार.
* स्पॅम मेलचा वैताग येतो? १९७८ मध्ये डेकच्याच एका मार्केटिंगवाल्याने आपल्या नव्या मशीनची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मानतात!
* गूगलच्या आधी सगळे ज्यावर सर्च करायचे ते अल्टाव्हिस्टा १९९५ मध्ये डेकनेच सुरू केलं होतं.

चौकट २: घरच्या घरी मिनीकॉम्प्युटर

* फ्रिजएवढी जागा नाही? ‘सिमएच’ हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर पीडीपी-८, पीडीपी-११ आणि व्हॅक्सची हुबेहूब नक्कल करतं. डेकमध्येच काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी ते सुरू केलं.
* लुकलुकते दिवे हवेतच? ऑस्कर वर्म्यूलेन या हौशी गृहस्थांनी पीडीपी-८ आणि पीडीपी-११ च्या दर्शनी पॅनलचे, मूळपेक्षा लहान आकाराचे किट तयार केलेत. मागे रास्पबेरी पाय लावायचा, स्विच खालीवर करायचे आणि दिवे बघत बसायचं.
* सोल्डरिंग येत नसेल तर शिका. नाहीतर सोसायटीतल्या त्या काकांनाच बोलवा, त्यांना नक्की येत असेल!